पेटी अजून खोक्यातच आहे

परवा बाजाराच्या दिवशी घाटंजीला जुना दोस्त भेटला. आम्ही दोघं एकाच वर्षी गांधर्व महाविद्यालयाच्या गाण्याच्या परीक्षेला बसलो होतो. तो पुढं विशारद झाला. मी प्रवेशिका पूर्णवर थांबलो, कारण त्याच वर्षी बाप गेला आणि वावर गळ्यात पडलं. टपरीवर चहा घेता घेता त्यानं विचारलं, "अंगणवाडीत क्लास काढला म्हणे तू? पोट्टे काय म्हणतात मग, भूप का दुर्गा?"

मी म्हटलं, "भूप नाही बाप्पा. डबे वाजवतात. पाखरं ऐकतात."

तो एवढा हसला की बशीतला चहा सांडला. मला राग आला नाही. दीड वर्षापूर्वी मला कोणी असं सांगितलं असतं तर मीही हसलोच असतो. बस आली म्हणून त्याला नीट सांगायचं राहिलं, ते इथं लिहितो.

माझी ओळख नव्या वाचणाऱ्यांसाठी: यवतमाळ जिल्हा, घाटंजी तालुका, सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. संध्याकाळी गावच्या भजनी मंडळात पेटी धरतो. घरातली अंगणवाडी सेविका आहे. तिच्या पटावर तेवीस लेकरं. काही गावठाणातली, काही बंजारा तांड्यावरची, पाच-सहा पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची. म्हणजे एका खोलीत घरून आणलेल्या तीन भाषा, वऱ्हाडी, गोरमाटी आणि कोलामी, आणि या तिन्हींवर भिंतीवरच्या तक्त्यातली पुस्तकी मराठी. तिनं लेकरांची वजनं घ्यायची, दंडाचा घेर मोजायचा, मोबाइलच्या ॲपमध्ये भरायचं, खिचडी बघायची, रजिस्टरं लिहायची, आणि उरल्या वेळात शिकवायचं. माघात एक दिवस ती म्हणाली, "तुमची पेटी घरी उंदरं खाऊन राह्यले. त्यापेक्षा शुक्रवारी अंगणवाडीत आना. अर्धा घंटा लेकरायले गानं शिकवा, तेवढ्यात माह्ये वजनं होतात." बालसंगीत शिक्षणाचं आमचं धोरण एवढंच होतं.

पहिल्या शुक्रवारी मी आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून गेलो. सतरंजीवर पेटी मांडली, भाता उघडला आणि सा धरला. दोन लेकरं रडायला लागली. एकानं भात्यात बोट घातलं. बाकीच्यांनी "साऽऽ" म्हणून जो गलका केला तो पुलापर्यंत ऐकू गेला असेल. दुसऱ्या, तिसऱ्या शुक्रवारी तेच. चौथ्या शुक्रवारी तांड्यावरची एक झिपरी पोरगी, पाचेक वर्षांची, सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होती आणि सगळ्यांत खाली म्हणत होती. मी तिला म्हटलं, "तू बेसूर आहेस, तू नुसतं ऐक." आमचे गुरुजी आम्हाला असंच म्हणायचे, वर हातावर पट्टी द्यायचे. ती पोरगी गप झाली. पुढच्या शुक्रवारी ती आलीच नाही. शनिवारी आली, सोमवारी आली, शुक्रवारी नाही. घरातलीनं मला एवढंच विचारलं, "काय म्हटलं तुमी तिले?"

चूक माझी होती आणि अगदी साधी होती. माझा सा काळी एक, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी. बाप्या माणसाचा गळा. त्या पट्टीत लेकराचा गळा उतरतच नाही. एक सप्तक वर घेऊन ती माझ्या मागं आली, तर पंचमापर्यंत कशीबशी पोचतात, पुढं किंचाळतात. तीन ते सहा वर्षांच्या लेकराचा सोयीचा गळा मोजून चार-पाच सुरांचा असतो. पेटीवर बघायचा तर मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत. त्याच्या वर ओरडणं आणि त्याच्या खाली गुरगुरणं. ती पोरगी बेसूर नव्हती. ती इमानदारीनं माझ्या पट्टीत उतरायला बघत होती, आणि खाली तिच्यासाठी जागाच नव्हती. आम्हाला पेटीपाशी बसवलं तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो, त्यामुळे हा हिशेब कधी कोणी सांगितला नाही आणि मीही कधी विचारला नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी पेटी नेली, पण उघडली नाही. काय करावं सुचत नव्हतं म्हणून नुसता बसून राहिलो. फाल्गुन लागला होता. धुऱ्यावरचे पळस लाल झाले होते आणि दहा वाजताच ऊन तापत होतं. अंगणवाडीच्या मागं मोठा उंबर आहे. त्यावरून आवाज सुरू झाला, टुक, टुक, टुक, टुक. तांबट. हा आवाज मी जन्मापासून ऐकत आलो, पण ऐकला असा त्या दिवशीच. आणि खोलीत कुठूनतरी त्याच लयीत ठक, ठक, ठक.

पोडावरचा एक चार वर्षांचा पोरगा होता. अंगणवाडीत नाव घातल्यापासून तीन महिने त्यानं तोंडातून शब्द काढला नव्हता. तो दाराशी बसून डब्याचं झाकण उंबरठ्यावर आपटत होता. तांबट थांबला की हा थांबायचा. तांबट सुरू झाला की दोन ठोके सोडून बरोबर तिसऱ्याला धरायचा. मी घड्याळ काढून मोजलं. मिनिटाला 110च्या आसपास. आमच्या भजनाचा केरवा याच्या जवळपासही जात नाही, आम्ही निवांत माणसं. मग डोक्यात उजेड पडला. लहान लेकरांची आपसूक लय मोठ्यांपेक्षा जलद असते. त्यांचं चालणं जलद, टाळी जलद. मी त्यांना माझ्या पट्टीत ओढत होतो आणि वर माझ्या लयीतही ओढत होतो.

त्या दिवशी आम्ही सगळे उंबराखाली जाऊन उभे राहिलो. एक जण म्हणाला, "दोन हायेत." दुसरा म्हणाला, "नाई, एकच हाये." यावर मारामारी व्हायची वेळ आली. मोबाइलचा कॅमेरा लांबवून बघितलं तर एकच होता. चिमणीएवढा, हिरवा, कपाळाला लाल टिकली. चोच बंद. गळ्याच्या दोन्ही बाजूंचं कातडं प्रत्येक ठोक्याला फुग्यासारखं फुगतं आणि बसतं. आणि तो मान इकडून तिकडं फिरवत राहतो, म्हणून आवाज दोन जागांहून आल्यासारखा वाटतो. लेकरांनी लगेच तोंड मिटून, गाल फुगवून टुकटुक करायला सुरुवात केली. अर्ध्यांच्या नाकातून शेंबूड आला. आलेली सगळीच्या सगळी एका लयीत. माझ्या पेटीनं पाच आठवड्यांत जे झालं नव्हतं, ते एका पाखरानं पाच मिनिटांत करून दाखवलं, आणि मानधन म्हणून उंबराची फळं.

घरी आल्यावर पोरीनं विचारलं, "तांबट म्हणजे?" मी म्हटलं, तांब्याची भांडी ठोकणारा. ती म्हणाली, "थो कुठी रायते?" कुठंच राहत नाही. गावात तांबट नाही, भांडी स्टीलची झाली. तिच्यासाठी तांबट हे फक्त पाखराचं नाव आहे. धंदा गेला आणि त्याचा आवाज तेवढा उंबरावर राहिला.

तिथून पुढं शुक्रवारची रीत बदलली. पेटी खोक्यात. आधी कान.

नाल्याच्या पुलापर्यंत चालत जायचं आणि वाटेत कोणी बोलायचं नाही, हा एकच नियम. पुलावर बसल्यावर काय काय ऐकलं ते सांगायचं. सुरुवातीला लेकरं "कुत्रा" आणि "गाडी" एवढंच सांगायची. महिन्याभरात यादी एवढी वाढली की मला लिहून घेता येईना. चक्कीचा पट्टा. शेळीच्या गळ्यातली घंटी. होल्याचं घुमणं. फवारणीचा पंप. भारद्वाजाचं खोल कूप-कूप-कूप. टिटवी. कोणाच्यातरी घरी पाट्यावर चाललेला वरवंटा. रोहिणी-मृगात पावशा ओरडायला लागला. मोठ्यांना त्यात "पेरते व्हा" ऐकू येतं, तर गोरमाटी बोलणाऱ्या एका पोरीला त्यात तिच्या भावाचं नाव ऐकू आलं, आणि ती आठ दिवस त्या पाखराला ओ देत होती. पहिला पाऊस पडल्यावर पुलाखाली बेडकांनी जो गोंधळ घातला, त्यात दोन जातीचे आवाज आहेत हे मला लेकरांनी दाखवलं. एक जाड, एक बारीक. आणि एक गोष्ट मी कधी मोजली नव्हती: पटावरच्या बारा जणांना बापाची गाडी वळणावर दिसायच्या आधी आवाजावरून ओळखू येते. बारा गाड्या, त्यातल्या निम्म्या एकाच कंपनीच्या. असा कान असणाऱ्यांना मी स्वर ओळखत नाहीत म्हणत होतो.

सूर कुठून सापडला तेही सांगतो. एका संध्याकाळी आखरावर बसलो होतो. ढोरं परतत होती. चारी बाजूंनी बाया आपापल्या लेकरांना हाका मारत होत्या. नावं वेगळी, गळे वेगळे, घरची भाषा वेगळी, पण हाकेची चाल एक. पहिलं अक्षर वर, दुसरं थोडं खाली ओढलेलं. घरी येऊन पेटीवर शोधलं. प, ग. पंचमावरून गंधारावर. नंतर वाचनात आलं की हंगेरीत झोल्तान कोदाय नावाचा संगीतकार होऊन गेला, 1882 ते 1967. तो 1905 पासून खेड्यांत फिरून शेतकऱ्यांची गाणी गोळा करायचा. त्याच्या पद्धतीत लेकरांना अगदी सुरुवातीला जे दोन सूर देतात ते हेच. आणि पहिली गाणी मायबोलीतली लोकगीतं असावीत असं त्याचं म्हणणं. कुठं हंगेरी आणि कुठं आमचं आखर, पण बाया हाका तशाच मारतात.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही हजेरी हाकेनं घ्यायला लागलो. घरातली दारात उभी राहून प्रत्येकाचं नाव प-ग वर म्हणते आणि ज्याचं त्यानं त्याच चालीत "ओऽऽ, आऽलो" म्हणायचं. तेवढाच चार-पाच सुरांचा गळा, तेवढीच गरज. चौथ्या-पाचव्या दिवशी, शुक्रवारच, तांड्यावरच्या त्या पोरीचं नाव घेतलं तर आवाज कुडाच्या पलीकडून आला. बरोबर गंधारावर. आत यायला तिला आणखी दोन शुक्रवार लागले. मी तिला काही म्हटलं नाही. पाच वर्षांच्या लेकराची माफी मागायची कशी, ते मला कोणी शिकवलेलं नाही.

आषाढात आंब्याच्या कोयींची पिपाणी केली. उकिरड्यावर फेकलेल्या कोयी पावसानं उगवतात, तांबूस कोवळी पानं फुटतात. अशी कोय उपटायची, वरचं टणक कवच काढायचं, आतला गर एका बाजूनं दगडावर थुंकी लावून घासायचा. मधली फट उघडी पडली की ओठात धरून फुंकायचं. मी लहानपणी केलेली, हाताला अजून आठवत होती. जास्त घासलं की फुटते, कमी घासलं की नुसता वारा जातो. चौदा जमल्या. प्रत्येकीचा आवाज वेगळा. मी म्हटलं, या जाड्यापासून बारीक आवाजापर्यंत ओळीनं लावू. मी आपला एकेक फुंकून, मनात सा धरून, ही ऋषभाच्या जवळ का गंधाराच्या असं करत बसलो. तेवढ्यात त्या झिपरीनं उरलेल्या नऊ ओळीनं लावूनही टाकल्या. मी तपासल्या. एकच जोडी उलटी होती, आणि ती मी लावलेल्या पाचांतली होती.

वाजवायला आम्ही विकत काही आणलं नाही. धुऱ्यावर खुळखुळा नावाचं झाड उगवतं, पिवळ्या फुलांचं. त्याच्या शेंगा वाळल्या की आत बिया सुट्या होऊन वाजतात, नावच त्यावरून. ताग, ज्याला आमच्याकडं बोरू म्हणतात, त्याच्याही शेंगा तशाच. गुलमोहराची लांब शेंग तर तलवार आणि वाद्य दोन्ही. शिवाय डबे. एकात ज्वारी, एकात तूर, एकात हरभरा, एकात रेती. डोळे मिटून ओळखायचं, कशात काय.

इथं माझी दुसरी चूक. झाकणं मी नुसती दाबून लावली होती. एका पोरानं हरभऱ्याचा डबा उघडला आणि एक दाणा नाकात घातला. सांगितलं नाही. दुपारी नाक गळायला लागलं, संध्याकाळी रडायला लागला. हरभरा ओलाव्यानं फुगतो, काढायला गेलं की आणखी वर जातो. गाडीवर मधे धरून आरोग्य केंद्रात नेला. तिथल्या बाईंनी चिमट्यानं काढला तेव्हा तो चांगला काबुली चण्याएवढा टपोरा झाला होता. पोराच्या आजीनं मला परत येताना अख्ख्या रस्ताभर सुनावलं आणि मी अख्खा रस्ता ऐकलं. तेव्हापासून झाकणं चिकटवून वर पट्टी मारलेली आहे. कोणी असे डबे करणार असाल तर आधी ते करा. आणि गुंजा व एरंडीच्या बिया दिसायला कितीही सुंदर असल्या तरी आणूच नका, दोन्ही विषारी आहेत. गुंजेचा खुळखुळा फार गोड वाजतो, म्हणून मुद्दाम सांगतो.

मग माणसं यायला लागली. बोलावलेली काही, काही आपसूक.

गुरुदेव सेवा मंडळाचे एक काका आहेत, पंचाहत्तरीचे. खंजेरी वाजवतात. तुकडोजी महाराजांना त्यांनी लहानपणी मोझरीला बघितलेलं आहे आणि महाराज 1955 साली जपानला गेले तेव्हा खंजेरीही गेली, हे ते पहिल्या पाच मिनिटांत सांगतातच. अंगणवाडीत आले आणि आधी व्यसनमुक्तीवर बोलायला लागले. लेकरं उठून घसरगुंडीवर गेली. काकांना वाईट वाटलं. पण त्यांनी रागानं खंजेरीवर नुसती थाप मारली आणि झांजा थरथरल्या, तशी सगळी परत. आता काका बोलत नाहीत, वाजवतात. लेकरं कातड्यावर तळहात ठेवून थरथर बघतात. एकीनं कातड्याला गाल लावला आणि म्हणाली, "गुदगुल्या होतात." काका म्हणाले, एवढ्या वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

ओव्यांची गोष्ट वेगळी झाली. गावात एक बुढी माय आहे. तिला शेकडो ओव्या येतात असं सगळे म्हणतात. तिला खुर्चीवर बसवलं, लेकरं समोर. ती दोन ओळी म्हणाली आणि थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. "आठवतच नाई ना बाप्पा." हात मात्र मांडीवर गोल गोल फिरत होता. घरातलीच्या ते ध्यानात आलं. पुढच्या शुक्रवारी सगळी वरात मायच्या अंगणात गेली. जात्याची तळी तुळशीपाशी धुणं आपटायला होती, वरची पाळ कोठ्यात शेणाच्या टोपल्यांखाली. दोन पोरांनी आणि मी ती काढली, धुतली, बसवली, खुंटा ठोकला. मायनं मूठभर ज्वारी टाकली, खुंट्याला हात घातला, आणि पहिल्या फेऱ्याला ओवी आली. मग थांबेना. गळ्यात नव्हत्या त्या, हातात होत्या. लेकरांनी आळीपाळीनं खुंटा धरला. ओवीचा चरण कुठं संपतो हे मी लेकरांना शब्दांत सांगू शकलो नसतो, पण दगड अर्ध्यावरून वळताना त्यांच्या दंडाला ते कळत होतं. शेवटी पीठ निघालं पसाभर, जाडंभरडं. मायनं त्याची भाकर करून प्रत्येकाला तुकडा दिला.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालवाडी सुरू केली. लेकरं वाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दातलं अंगण तिथलं आहे. आमच्या सरकारी खोलीला अंगण म्हणजे सिमेंटचा चौकोन, त्यामुळे मायच्या तुळशीपाशी बसल्यावर मला तो शब्द पहिल्यांदा कळला.

तांड्यावरच्या बाया होळीच्या आधी आल्या, लेंगी म्हणजे त्यांची होळीची गाणी घेऊन, थाळी वाजवत. त्या दिवशी वर्गातली गोरमाटी लेकरं एकदम मोठी झाली. एरवी तीच लेकरं "बाईंना कळत नाही" म्हणून गप बसायची, आज बाईंना शब्दांचे अर्थ सांगत होती. गावठाणातल्या एक-दोन आयांना ते आवडलं नाही. "आता हे बी शिकवता का?" असं ओट्यावर ऐकू आलं. मी उत्तर दिलं नाही. त्यांची पोरं आठवडाभर घरी लेंगीच म्हणत होती, तेच पुरेसं होतं. पोडावरून ढोल मात्र अजून आलेला नाही. दिवाळीत दंडार, म्हणजे त्यांचा नाच, असते तेव्हा या, असं तिथल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं. ढोल गावात आणायचा नाही, आम्हीच तिकडं जायचं. बरोबर आहे त्यांचं. दिवाळीत जाऊ.

मधे एकदा वरून तपासणीला साहेब आले. इंग्रजी कविता म्हणायला सांगितली. लेकरांनी गाल फुगवून तांबट केला, मिनिटभर, न चुकता. साहेबांनी विचारलं, "हे कशात बसतं?" घरातली म्हणाली, "श्रवण." रजिस्टरात तसा रकाना आहे. साहेबांनी खूण केली आणि खिचडी बघायला गेले.

हे सगळं लिहिताना मी गावाकडचं संगीत म्हणून गळा काढतोय असं वाटू नये. आमच्या गावात लग्नाला डीजे असतो आणि त्याच्या भिंतीपुढं चार महिन्यांची बाळं कडेवर घेऊन बाया उभ्या असतात. बाळाचं काळीज धडधडताना दिसतं. मी दोनदा बोललो, दोनदा भांडण झालं. पोळ्याचं म्हणाल तर तोरणात यंदा अकरा जोड्या होत्या. मी लहान असताना रांग मारुतीच्या पाराला वळसा घालून जायची. आणि कमी झालेल्या जोड्यांतली एक माझी आहे. कडबा परवडेना, सालदार मिळेना, चार वर्षांमागं मी बैल विकले आणि आता ट्रॅक्टरवाल्याला फोन करतो. म्हणजे पहाटे वावराकडं जाणाऱ्या घुंगरांचा आवाज मीच गावातून कमी केला. घुंगरमाळा विकवल्या नाहीत तेवढ्या.

यंदा तान्ह्या पोळ्याला त्या काढल्या. चिंचेच्या कोळानं घासल्या, रात्रभर. लेकरांच्या लाकडी बैलांच्या गळ्यात त्या कशा मावणार, म्हणून दोरीत ओवून लेकरांच्याच कमरेला बांधल्या, दोन-दोन घुंगरं. मग झडत्या. एकानं सांगायचं आणि सगळ्यांनी "हर बोला, हर हर महादेव" म्हणून उचलायचं. सवाल-जबाबाचं हे गणित मी कितीही शिकवलं असतं तरी एवढं बसलं नसतं. पाराजवळून जाताना एक म्हातारा आपल्या ओट्यावरून म्हणाला, "कोनाची जोडी हे? वळखीचा आवाज वाटते." माझ्या बैलांची घुंगरं होती. मी सांगितलं नाही, पुढं गेलो.

आता भुलाबाई बसल्या आहेत. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गावातल्या पोरी रोज संध्याकाळी घरोघर गाणी म्हणतात, टिपऱ्या वाजवतात आणि शेवटी खाऊ ओळखायचा असतो. डबा हलवून. म्हणजे आमचा शुक्रवारचा खेळ आमच्या आज्यांनी आधीच करून ठेवलेला, आणि मी तो आपण शोधून काढला असं समजत होतो. घरातलीनं यंदा अंगणवाडीतच मातीच्या भुलाबाई आणि भुलोजी मांडले. गेल्या शुक्रवारी गाणी झाली, डबे आले. पहिला हलवला, "मुरमुरे!" दुसरा, "फुटाणे!" तिसऱ्यात शेंगदाण्याची चिक्की होती, त्यावर थोडा वाद झाला. दगड असेल असं एकाचं म्हणणं होतं.

चौथा डबा तिनं माझ्या पेटीच्या खोक्यावर ठेवला. हलवला. काही नाही. पुन्हा हलवला. तेवीस लेकरं श्वास धरून बसली होती, बाहेर उंबरावर सुद्धा त्या वेळी काही नव्हतं. "रिकामा हाये," कोणीतरी म्हणालं. पोडावरचा तो पोरगा उठला. अलीकडं तो बोलतो, कमी बोलतो. त्यानं डबा हलवला नाही. दोन्ही हातांनी धरला, झाकणाला कान लावला, मग पोटाशी धरून बघितला.

"गप खाऊ हाये," तो म्हणाला. "गरम."

झाकण काढलं. आतून वाफ आली. गव्हाचा शिरा होता.